आठ ग्लासांची चरवी

काशिनाथ रामभाऊ ओव्हाळ गेल्या फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सहाच्या सुमाराला मळवलीतल्या राहत्या घरी झोपेत वारले. वय सहासष्ट. दाखल्यावर कारण हृदयक्रिया बंद पडणे असं आहे. रेल्वेत त्यांनी गेटमन म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली. शेवटची पाच वर्षं त्यांना तहान लागत नव्हती.

आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. या पाच वर्षांतलं बरंचसं मी त्या भिंतीवरून पाहिलं. काही त्यांच्या पत्नीने, सुलोचनाबाईंनी सांगितलं. उरलेलं त्यांच्या घरातल्या वह्यांमध्ये लिहिलेलं आहे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते फाटकावर. पुण्यातल्या एका दैनिकात मी बातम्यांच्या टेबलावर होतो आणि दुपारच्या लोकलने कामावर जायचो. स्टेशनला जाताना रूळ ओलांडावे लागत. फाटक बंद असलं की त्यांच्या खोलीपाशी थांबायचं. खोलीत एक फोन, दोन झेंडे, एक कंदील, एक नोंदवही आणि कोपऱ्यात माठ. बाहेर मध्यम उंचीचा, सावळा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. सगळे त्यांना भाऊ म्हणत.

गेटमनचं काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा वेगळं असतं, हे मला त्यांच्याकडून कळलं. गाडी येण्याआधी स्टेशन मास्तरचा फोन येतो. गेटमन फाटक लावतो, कुलूप घालतो, आणि मग फोनवर एक आकडा सांगतो. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. आकड्यांचा छापील कागद गेटमनकडे असतो, आकडे उलटसुलट असतात, एक वापरला की खोडायचा. मास्तर तो आकडा आपल्या वहीत लिहितो. आकडा मिळाला याचा अर्थ फाटक बंद आहे, गाडी सोडायला हरकत नाही. आधी नंबर द्यायचा आणि फाटक मग सावकाश लावायचं, हा या नोकरीतला सगळ्यात मोठा गुन्हा. भाऊंच्या मते सगळ्यात सोपाही तोच.

"मास्तरला काय दिसतंय? त्यो आकडा ऐकतो. फाटक माझ्या एकट्याच्या डोळ्यांफुडं असतं," ते म्हणत.

शनिवारी-रविवारी बंगल्यांवर येणाऱ्यांच्या गाड्यांची फाटकाशी रांग लागे. एकदा एका मोठ्या गाडीतला गृहस्थ उतरून खोलीपाशी आला. वाढदिवसाचा केक होता, तो वितळत होता.

"दादा, गाडी दिसत पण नाहीये. दोन मिनिटं उघडा ना."

"चार मिनिटं हायेत गाडीला," भाऊ म्हणाले. "केक हितं सावलीत ठिवा. तुमी पानी प्या."

"अहो, पाणी नकोय मला."

"मग तुमाला तहान न्हाई, घाई हाय. घाईला औषध न्हाई माझ्याकडं."

माठातलं पाणी मळवलीचं नसे. टाकव्याच्या पुढे, आंदर मावळात भाऊंचं गाव आहे. सुट्टीच्या दिवशी ते तिथे जात आणि गावाखालच्या उंबराजवळच्या झऱ्याचं पाणी पाच लिटरच्या कॅनमधून आणत. जाता-येता कॅन हातात. फाटकावर थांबलेल्यांना ते हे पाणी देत, पण एक अट असे. "पानी दिसलं म्हणून पिऊ नये. तहान लागली म्हणून प्यावं. तवा त्याला चव येती."

त्या झऱ्याची गोष्ट ते नोकरीत असताना क्वचित सांगत. आजारानंतर जवळजवळ रोज सांगू लागले, कारण काल सांगितल्याचं त्यांना आठवत नसे. मी ती निदान शंभर वेळा ऐकली असेल. शब्द बदलले नाहीत.

"साळा टाकव्याला. जाताना उतार, येताना चढ. चैतातलं ऊन. जीभ टाळूला चिकटायची. वाटंत दोन विहिरी लागायच्या, तितं आमच्या वस्तीला मनाई. पोहरा वर येताना दिसायचा. सांडलेलं पानी दिसायचं. आमी चालायचो. खाली उंबराजवळ झरा, त्यो आमचा. तितं करवंटी ठिवलेली असायची. पयली करवंटी प्यायची न्हाई, तोंडावर मारायची. दुसरी प्यायची. दात ठनकायचं. पानी हितनं हितवर गेलेलं कळायचं." असं म्हणून ते गळ्यापासून पोटापर्यंत बोट फिरवत.

त्या विहिरींवर आता कुणाला मनाई नाही. गावात नळ आला आहे. झरा अजून आहे.

निवृत्तीनंतर वर्षभरात भाऊंना बाजूचं दिसेनासं झालं. समोरचं स्पष्ट, कडेचं काळं. रस्ता ओलांडताना डावीकडून आलेली सायकल त्यांना दिसली नाही. पुण्यात तपासणी झाली. मेंदूच्या तळाशी गाठ होती, कर्करोगाची नव्हती. ऑपरेशन झालं. नजर वाचली.

घरी येताना मिळालेल्या कागदांमध्ये पाणी किती आणि कधी द्यायचं हे लिहिलं होतं. कागद फायलीत राहिला. माणसाला तहान लागली की तो पाणी मागतो, असं सगळे धरून चालले होते. भाऊंनी मागितलं नाही. नवव्या दिवशी त्यांनी मुलीला, मनीषाला, आपल्या आईच्या नावाने हाक मारली आणि उठायला गेले ते उभे राहू शकले नाहीत. रक्तातलं मीठ फार वाढलं होतं. मनीषा तळेगावला नर्स आहे. तिने त्याच तासात गाडी केली, म्हणून ते वाचले.

या दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सुलोचनाबाईंना समोर बसवून सांगितलं. मनीषाबरोबर मीही होतो.

"आपल्याला वाटतं तहान घशाला लागते. घसा नुसता कोरडा पडतो. रक्तात मीठ किती झालंय हे मोजणारी जागा इथे आत आहे, मेंदूच्या तळाला. हायपोथॅलॅमस म्हणतात. बदामाएवढी. भूक किती, झोप कधी, अंग किती गरम ठेवायचं, सगळं तिथून चालतं. आठवणीची एक वाटही तिथूनच जाते. गाठ नेमकी तिथे बसली होती."

"मग त्यांनला कळायचं कसं, पानी पायजे म्हणून?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

"त्यांना कळणार नाही. तुम्ही द्यायचं. दिवसाला आठ ग्लास, वेळेवर. कमी झालं तर परत हेच होईल. जास्तही चालणार नाही, कारण लघवी कमी करायचा नाकातला फवारा चालू आहे. जास्त झालं तर फिट येऊ शकते."

भाऊंना हे सगळं दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हंजे रूळ हायेत, गाड्या हायेत, मास्तर हाय. वरनं कंट्रोलचा फोन तेवढा येत न्हाई."

पुढचे दोन महिने घरात भांडणाचे गेले. सुलोचनाबाई ग्लास पुढे करत, भाऊ म्हणत, "आत्ताच प्यालो की." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसं वाटत असे. तहान नाही आणि आठवणही नाही, मग ग्लासभर पाणी पोटात आहे की नाही हे ठरवायचं कशावरून?

"न्हाई प्याला तुमी."

"प्यालो गं. तुझ्याच हातनं प्यालो."

"त्ये कालचं."

"काल तर तू घरात नव्हतीस."

भिंतीपलीकडे मला हे दिवसातून आठ वेळा ऐकू येई. सुलोचनाबाईंचं वजन त्या दोन महिन्यांत उतरलं. मनीषा दोघांना तळेगावला न्यायला बघत होती. भाऊ तयार नव्हते.

तोडगा सुलोचनाबाईंनी काढला. तीस वर्षं त्या फाटकावर डबा घेऊन गेल्या होत्या आणि फोनवरचं बोलणं ऐकत आल्या होत्या. एका सकाळी त्या ग्लास घेऊन गेल्याच नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हॅलो, गेट. अकराची गाडी सोडते. फाटक लावा, नंबर द्या."

भाऊ खुर्चीत ताठ झाले. स्टुलावर आधीच भरून ठेवलेला ग्लास उचलून त्यांनी एका दमात रिकामा केला, पालथा घातला आणि म्हणाले, "फाटक बंद. नंबराचा कागद कुटंय?"

दुसऱ्या दिवसापासून कागद होता. ग्लास बशीत ठेवायचा, ग्लासाखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर दोन आकडी संख्या. आधी पाणी प्यायचं, ग्लास पालथा घालायचा, मग चिठ्ठी उलगडून आकडा मोठ्याने सांगायचा. सुलोचनाबाई तो वहीत लिहीत. वही लांबट, कापडी पुठ्ठ्याची. रकाने चार: तारीख, गाडी, वेळ, नंबर. सातची गाडी, नऊची, अकराची, एकची, साडेतीनची, साडेपाचची, साडेसातची, रात्री नऊची. दिवसाचं पाणी सकाळीच एका झाकणाच्या चरवीत मोजून भरलेलं असे. धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सुलोचनाबाई पाणीही तसंच मोजत. लाभ, दोन, तीन, आठपर्यंत. भांडण थांबलं. माझ्या माहितीप्रमाणे पुढे तीन वर्षं एकही गाडी चुकली नाही.

भुकेचं उलट झालं होतं. ती लागे आणि जात नसे. जेवून उठले की पुन्हा पानावर बसत. बुद्धविहाराच्या अंगणात एप्रिलमध्ये पंगत होती. भाऊ दुसऱ्यांदा बसले आणि मग तिसऱ्यांदा बसायला निघाले. गावाकडून आलेले त्यांचे चुलतभाऊ नामदेव वाढत होते.

"भाऊ, ही तुमची रेल्वे न्हाई. गाडी थांबली ती थांबलीच. जरा फुडं जाऊ द्या."

"सिग्नल पडला न्हाई अजून," भाऊ म्हणाले.

पंगत हसली. सुलोचनाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, भाऊंच्या समोरचं ताट त्यांनी पालथं घातलं आणि पुन्हा जाऊन बसल्या. तेव्हापासून घरातही ताट पालथं दिसलं की भाऊ जेवण झालं असं समजत. त्यांनी त्यावर कधी वाद घातला नाही. पालथ्या वस्तूवर त्यांचा विश्वास बसला होता.

थंडी-उन्हाचंही अंगाला कळत नसे. मळवलीला डिसेंबरात सकाळी धुकं उतरतं. त्यात ते बनियनवर ओट्यावर बसलेले मी पाहिले आहेत, ओठ निळे, आणि चेहऱ्यावर तक्रार नाही. मग भिंतीला थर्मामीटर आला. त्याच्या काचेवर सुलोचनाबाईंनी लाल नेलपॉलिशने रेघ मारली. पारा रेघेखाली असला तर स्वेटर. मे महिन्यात एकदा ते भर दुपारी स्वेटर घालून बसले होते. विचारलं तर म्हणाले, "सकाळी रेघंखाली व्हता." नंतर पुन्हा बघायचं असतं हे ते विसरले होते.

झोप कधीही येई. बोलता बोलता मान खाली जाई. जागे झाले की पहिला प्रश्न एकच: "कुटली गाडी गेली?"

या सगळ्यात त्यांची एक तक्रार होती. ती मी त्यांच्या तोंडून वेगवेगळ्या दिवशी ऐकली आणि घरी येऊन लिहून ठेवली. नोंदी बारा आहेत. त्यातली एक अशी:

"लोक म्हणत्यात बरं हाय, तहानंचा तरास न्हाई. तरास कसला? पानी पितो ते औषधागत. आत जातं, पन कुणी वाट बघत न्हाई त्याची. झऱ्यावर जायचो तवा पाय चालायच्या आधी तहान चालायची. आता मी एकटाच चालतो."

दुसरी लहान आहे: "एकदा लागाय पायजे. मग काय बी हून दे."

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये एका रविवारी भाऊंनी सातची, नऊची, अकराची आणि एकची अशा चारही गाड्यांचे नंबर वेळेवर दिले. वहीत ते आहेत: ४७, १२, ८३, ३०. दीड वाजता सुलोचनाबाई विहारात बायकांच्या बैठकीला गेल्या. सव्वादोनला परतल्या तेव्हा भाऊ घरी नव्हते. त्या मागच्या दारी गेल्या. तिथे तेलाच्या डब्यात कढीपत्त्याचं झाड आहे. डब्यात पाणी साचलं होतं. चार ग्लास.

भाऊ झऱ्यावरच गेले असतील असं धरून त्यांनी गावी नामदेवांना फोन केला; तो लागायला साडेचार वाजले. ते झऱ्याकडे धावले. पुढचं त्यांनी सांगितलेलं आहे.

भाऊ लोकलने कामशेतला उतरले, एसटीने टाकव्याला गेले आणि तिथून उन्हात चालत गेले. जुनी वाट त्यांना चुकली नाही. पाचच्या सुमाराला ते उंबराखाली बसलेले सापडले. ओठ फुटले होते. शब्द जड येत होते. हातात करवंटी होती आणि ती पाण्याने भरलेली होती.

"भाऊ, हितं कसं आलात?"

"तहान लागती का बगतोय."

"मग? लागली?"

"न्हाई अजून."

"मग पिऊन टाका की ते हातातलं."

"न्हाई. लागल्यावर."

नामदेवांनी करवंटी त्यांच्या तोंडाला लावली. "लहान पोरागत पाजलं," ते मला म्हणाले. "पीत व्हते, पन माझ्याकडं असं बगत व्हते की मीच कायतरी काढून घेतलं त्यांचं."

भाऊंच्या डाव्या तळहातावर बॉलपेनने लिहिलेलं होतं. घामाने पुसट झालं होतं, तरी वाचता येत होतं. पाणी पिऊ नको. झऱ्यावर जा. तिथं पी. सकाळी लिहिलं नसतं तर दुपारपर्यंत त्यांना ते लक्षात राहिलं नसतं.

हॉस्पिटलमध्ये चार दिवस गेले. घरी आल्यावर सुलोचनाबाईंनी आवाज चढवला नाही. त्या म्हणाल्या, "फाटक उघडं ठिवून नंबर दिला तुमी. चार येळा. एकतीस वर्षांत केलं न्हाई ते माझ्यासंगं केलं."

भाऊंनी कागद मागितला. रेल्वेत चूक झाली की लेखी खुलासा द्यावा लागतो. त्यांनी तो दिला. तो असा आहे:

"मी, काशिनाथ रा. ओव्हाळ, माजी गेटमन, लिहून देतो की चार वेळा फाटक उघडे ठेवून नंबर दिला. अपघात झाला नाही, म्हणून चूक लहान होत नाही. कारण: तहान बघायची होती. पुन्हा होणार नाही."

खाली सही. सुलोचनाबाईंनी तो वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला. भाऊ सकाळी वही उघडत तेव्हा तो वाचत. आदल्या दिवशी वाचल्याचं आठवत नसल्याने रोज त्यांना तो नवीन असे, आणि रोज ते सकाळच्या नऊच्या गाडीपर्यंत मान खाली घालून बसत. तीन आठवड्यांनी सुलोचनाबाईंनी त्यावर जुन्या कॅलेंडरचं पान डकवलं. त्यानंतर त्या समोर बसून पाणी पाजू लागल्या. नंबर चालूच राहिले, कारण भाऊंना ते लागत.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी घडलेलं ऐकून घेतलं. म्हणाले, "काही जणांना काही वर्षांनी थोडीशी जाणीव परत येते. मी आश्वासन देत नाही. पण वेळ झालेली नसताना त्यांनी स्वतःहून पाणी मागितलं किंवा घेतलं, तर लिहून ठेवा. मला दाखवा."

घरी आल्यावर सुलोचनाबाईंनी पट्टी घेऊन वहीत पाचवा रकाना आखला.

"ह्यो कशाचा?" भाऊंनी विचारलं.

"तुमी आपन हून पानी घ्याल त्याचा."

भाऊंनी थोडा विचार केला. "म्हंजे टाइमटेबलाभाईरची गाडी. मग स्पेशल म्हण." त्यांनी स्वतः पेन घेऊन वर स्पेशल असं लिहिलं. अक्षर वळणदार आणि किंचित उजवीकडे झुकलेलं आहे, रेल्वेच्या नोंदवहीत होतं तसंच.

रात्री नऊची गाडी गेली की वही मिटण्याआधी दोघांचं एक बोलणं ठरलेलं होतं. बाकी काही लक्षात न राहणाऱ्या माणसाच्या हे कसं अंगवळणी पडलं, ते मला सांगता येणार नाही. वहीतला कोरा रकाना पाहूनच ते विचारत असावेत.

"स्पेशल?"

"न्हाई आली."

"लाइन क्लिअर नसंल."

मग वही मिटत असे. त्या एप्रिलपासून चार वह्या भरल्या. मी त्या चारही पानन् पान पाहिल्या आहेत. चारही वह्यांत पाचव्या रकान्यात काही नाही.

पाचवी वही जानेवारीत सुरू झाली.

भाऊ गेले त्याच्या आदल्या दिवशी, फेब्रुवारीतल्या त्या सोमवारी, नाकातला फवारा संपत आला होता. तो मळवलीत मिळत नाही. एकची गाडी झाल्यावर, नंबर ६१, सुलोचनाबाई रिक्षाने लोणावळ्याला गेल्या. जाताना भिंतीवरून म्हणाल्या, "जरा कान असू द्या. साडेतीनच्या आत येतेच मी." मी निवृत्त झालो आहे आणि दुपारी घरी असतो. दोन वाजता मी डोकावलो तेव्हा भाऊ ओट्यावर खुर्चीत बसून रस्त्याकडे बघत होते. मी विचारलं, "काय भाऊ, बरं आहे?" ते म्हणाले, "ऊन तापलंय आज." मी घरात आलो आणि वाचत बसलो. या वाक्यात काही वेगळं होतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. पावणेतीनला पुन्हा पाहिलं तेव्हा ते आतल्या खुर्चीत झोपले होते.

सव्वातीनला सुलोचनाबाई परतल्या. दोन-तीन मिनिटांत त्यांनी मला हाक मारली. "जरा या हिकडं. साक्षीला."

टेबलावर वही उघडी होती. एकच्या गाडीखाली एक नवी ओळ होती. गाडीच्या रकान्यात काही नाही. नंबरच्या रकान्यात आडवी रेघ. पाचव्या रकान्यात, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात: दोन पंचवीस. वहीशेजारी ग्लास पालथा होता.

"मला खरं वाटंना," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मागं बी असंच केलं त्यांनी."

त्या मागच्या दारी गेल्या. मी बरोबर गेलो. त्यांनी कढीपत्त्याच्या डब्यात बोट खुपसलं. माती पेरभर खोल कोरडी होती. मोरी कोरडी होती. ओट्याच्या कडेची जमीन, खिडकीखालची जागा, सगळं त्यांनी हात लावून पाहिलं. परत येऊन त्यांनी भाऊंना जागं केलं.

"कुटली गाडी गेली?" भाऊ म्हणाले.

"ते ऱ्हाऊ द्या. मगाशी पानी प्यालात का तुमी?"

भाऊंनी वही पुढे ओढली. ओळीवर बोट ठेवून वाचलं. "अक्षर माझंच हाय."

"ते दिसतंय मला. तहान लागलीती का?"

ते वहीकडे बघत राहिले. मग माठ असायचा त्या कोपऱ्याकडे बघितलं. माठ फाटकावरच्या खोलीत होता, या घरात त्या कोपऱ्यात शिवणयंत्र आहे.

"आठवत न्हाई," ते म्हणाले.

सुलोचनाबाईंनी चरवी आणून टेबलावर ठेवली. सकाळी त्यात आठ ग्लास भरले होते. चार गाड्या गेल्या होत्या, चार ग्लास उरायला हवे होते. त्यांनी रिकामं पातेलं घेतलं, पालथा ग्लास सरळ केला, आणि त्याने चरवीतलं पाणी काठोकाठ मोजत पातेल्यात ओतू लागल्या. भाऊ बघत होते. मी मोजताना हजर होतो.

लाभ. दोन. तीन.

चौथ्या ग्लासासाठी त्यांनी चरवी पूर्ण आडवी केली. ती रिकामी होती.